मागच्या सीटचा रिव्ह्यू

गाड्यांचे रिव्ह्यू मी पुष्कळ बघितलेत. स्वतःहून नाही. रात्री जेवताना नवरा मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून लावतो, मग चटणी वाढता वाढता टॉर्क, गिअर रेशो, एलईडी हेडलॅम्प असं सगळं कानावर पडत राहतं. बारा-पंधरा मिनिटांच्या त्या व्हिडिओत मागच्या सीटच्या वाट्याला जेमतेम दहा सेकंद येतात. रिव्ह्यू करणारा त्या सीटवर तळहाताने दोन थापा मारतो, 'पिलियनसाठी पण भरपूर जागा आहे' म्हणतो आणि सायलेन्सरच्या आवाजाकडे वळतो. म्हशीच्या पाठीवर थाप मारून दूध किती देईल ते सांगावं, तसं. त्या सीटवर कुणी बसलेलं मला आजवर दिसलेलं नाही.

मी बसलेय. बरीच वर्षं. म्हणून हा रिव्ह्यू.

आमच्याकडे आरडीचे दोन लाख ऐंशी हजार रुपये जमले होते. त्यात एक सेकंडहँड छोटी कार येऊ शकत होती किंवा एक नवी टुरिंग क्रूझर. कारच्या बाजूने नाशिकचा पाऊस, माझी पाठ आणि दोन्हीकडचे आईवडील होते. क्रूझरच्या बाजूने फक्त नवरा होता. तरी सामना बरोबरीत होता, कारण आमच्या बिल्डिंगमध्ये कार लावायला जागा नाही. शेवटी त्याच्या मित्राने दोन दिवसांसाठी त्याची क्रूझर दिली. साडेतीनशे सीसीची, मागे बॅकरेस्ट, पुढे काच. कंपनीचं नाव लिहीत नाही. मला जे सांगायचंय ते एका कंपनीबद्दल नाही, त्या घाटाच्या सगळ्याच गाड्यांबद्दल आहे.

'आपण भंडारदऱ्याला जाऊ. तू मागे बसून बघ,' नवरा म्हणाला. 'तू नाही म्हणालीस तर विषय संपला.'

ऐकायला हे फार चांगलं वाटतं. पण एखाद्याचं सहा वर्षांचं स्वप्न तुमच्या माकडहाडावर टेकवून ठेवलं, की त्या हाडाला नीट बसता येत नाही.

आणि एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती.

आधी जुनी गोष्ट. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, २०१८ साली, आम्ही त्याच्या तेव्हाच्या क्रूझरवरून कोकणात गेलो होतो. तीही सेकंडहँड. बॅकरेस्ट नाही, मागची सीट पोळपाटाएवढी आणि उतरती. चार दिवस मी त्याच्या जॅकेटला धरून मागे घसरत होते आणि दर ब्रेकला त्याच्या हेल्मेटवर आपटत होते. परत आल्यावर आठवड्याभरात डावा पाय बधिर व्हायला लागला. एमआरआयमध्ये एल-४ आणि एल-५ यांच्यामधली गादी सरकलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, हे एका ट्रिपने होत नाही, तुम्ही रोज नऊ तास खुर्चीत बसता त्याचं हे फळ आहे, ट्रिप फक्त निमित्त. पण दोष गाडीलाच मिळाला. सहा महिने दुचाकीवर मागे बसायचं नाही, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. मग नवरा दर रविवारी पहाटे मित्रांबरोबर जायला लागला आणि मी झोपायला लागले. लॉकडाऊनमध्ये त्याने ती गाडी विकली, पण तोपर्यंत एकत्र जायची सवयच मोडली होती.

सांगितली नव्हती ती गोष्ट ही: माझी पाठ कधीच बरी झाली होती. मी स्कूटरवर ऑफिसला जाते, चार मजले चढते, दिवाळीत पंखे पुसते. पण 'चल, जवळच जाऊन येऊ' म्हटलं की मी हात कमरेवर ठेवायचे. मला मागे बसायचंच नव्हतं. त्याला कारण पाठ नव्हती हे मला कळत होतं. मग काय होतं, ते मात्र मलाही धड सांगता आलं नसतं.

सप्टेंबरचा शेवटचा शनिवार. सकाळी सहाला नाशिक सोडलं. मुंबई-आग्रा रस्त्याने घोटीपर्यंत हायवे आहे आणि हायवेवर ही गाडी खरंच राजा असते. मी प्रामाणिकपणे मार्क द्यायला बसले होते, म्हणून लिहिते. बॅकरेस्टने फरक पडतो, फार मोठा पडतो. मागे टेकायला काही असलं की हात मोकळे राहतात. पुढच्याला धरून ठेवायचं काम संपलं की निम्मा थकवा संपतो. इंजिन सत्तर-ऐंशीच्या वेगात शांत धडधडत राहतं, पायांना मुंग्या येत नाहीत. काच पुढच्यासाठी असते, मागचीसाठी नाही. मागची सीट उंच, त्यामुळे काचेवरून सुटलेला वारा थेट आपल्या हेल्मेटवर येतो आणि कानात डबा वाजवल्यासारखा आवाज होतो. पण तेवढं चालतं.

घोटीला चहा घेतला. नवऱ्याने विचारलं, 'कसंय?' मी म्हणाले, 'छान.' त्याचा चेहरा बघून पुढचं काही बोलले नाही. छानच होतं, पण रस्ताही छान होता.

घोटीपासून कोल्हार-घोटी रस्ता सुरू होतो. बारीपर्यंत डावीकडे-उजवीकडे भातखाचरं, बांधावर सोनकीची पिवळी फुलं आणि समोर ढगात अर्धं बुडालेलं कळसूबाई, १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच टोक. चार महिने पाऊस खाल्लेला हा रस्ता. इथे खरी परीक्षा सुरू झाली आणि इथेच मला कळलं, की क्रूझर ही गाडी दोघांची असली तरी ते दोघं एकाच गाडीवर बसलेले नसतात.

पुढच्याची सीट गाडीच्या पोटात असते. खोलगट, रुंद, जमिनीजवळ. पुढचं चाक त्याच्या पुढे लांब, मागचं चाक त्याच्या मागे, तो मधोमध. मागची व्यक्ती थेट मागच्या चाकाच्या वर. एसटीत शेवटच्या बाकावर बसलेल्या कुणालाही हे समजावून सांगायची गरज नाही. खड्डा ड्रायव्हरला कळतो, कंडक्टरला जाणवतो आणि शेवटच्या बाकावरचा माणूस छताला जाऊन येतो. साध्या गाडीवर निदान पाय आपल्या खाली असतात, खड्डा दिसला की फूटरेस्टवर जोर देऊन थोडं उठता येतं. क्रूझरवर पुढच्याचे पाय पुढे पसरलेले आणि मागच्याचे गुडघे वर आलेले. उठायला जोरच मिळत नाही. सगळा भार माकडहाडावर. त्यात अशा गाड्यांचं मागचं सस्पेन्शन बुटकं, कारण गाडी बुटकी दिसायला हवी. ते थोडंसंच दबतं आणि मग तळाला ठक्कन आदळतं. तो ठक्कन मला बारीच्या अलीकडे सात वेळा मिळाला. मी मोजत होते.

क्रूझरच्या बुटकेपणाचं आपल्याकडे वेगळंच महत्त्व आहे. पुण्याच्या बजाजने कावासाकीची एलिमिनेटर इकडे आणली, तिच्यातून २००५ साली अ‍ॅव्हेंजर आली आणि 'आपल्या बजेटमधली हार्ले' म्हणून लोकांनी ती घेतली. अ‍ॅव्हेंजर २२० क्रूझच्या सीटची उंची ७३७ मिलिमीटर. रॉयल एनफिल्डची सुपर मीटिऑर ६५०, २०२३ सालची, वजन २४१ किलो, पण सीट ७४० वर. आपल्या ओळखीच्या स्प्लेंडरची सीट साधारण ७८५ आणि वजन ११२ किलो. म्हणजे क्रूझर दुपटीने जड असली तरी स्प्लेंडरपेक्षा बुटकी. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आणि जावा पेराक तर एकाच सीटची आली. मला ती सगळ्यात प्रामाणिक वाटते. नाही म्हणजे नाही.

कायद्याने मात्र मागे बसणाऱ्याचा विचार रिव्ह्यूवाल्यांपेक्षा जास्त केलाय. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ क्रमांकाचा नियम सांगतो, की मागे बसणाऱ्यासाठी पकडायला हँडग्रिप हवी, पाय ठेवायला फूटरेस्ट हवी आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान निम्मं झाकलेलं हवं. तेच आपलं साडीगार्ड. हौशी लोक गाडी घेतल्याबरोबर पहिल्यांदा ते काढून टाकतात, कारण लुक जातो. या गाडीचंही काढलेलं होतं. मी पँट घातली होती, पण गळ्यातला स्कार्फ दोनदा जॅकेटच्या आत खोचला.

शेंडीला पोचेपर्यंत साडेनऊ झाले. शेंडी म्हणजेच लोक ज्याला भंडारदरा म्हणतात ते गाव. धरणाला लागून. नवरा उतरून हात पसरून आळस देत म्हणाला, 'काय रस्ता होता!' मी उतरले ती टप्प्याटप्प्याने, आधी एक पाय, मग श्वास, मग दुसरा पाय.

'पाठ?' त्याने घाबरून विचारलं.

मी काही म्हणाले नाही. आता आठवलं की मला त्या गप्प राहण्याची लाज वाटते.

दुपारी धरणावर गेलो. विल्सन डॅमचं बांधकाम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये संपलं. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला दिलं. शंभर वर्षांची ती दगडी भिंत प्रवरेला अडवून उभी आहे. जलाशय काठोकाठ भरलेला होता. नवऱ्याने गाडीचे सतरा फोटो काढले, माझे दोन.

संध्याकाळी मात्र एक शहाणपणाचं काम झालं. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे हवा बघायला थांबलो. तो साठीचा माणूस, अंगठ्याने टायर दाबून म्हणाला, 'दोघं हायेत ना? मग हवा कमी हाय.' मागच्या टायरजवळ एक छोटा स्टिकर असतो, त्यावर एकट्यासाठी किती हवा आणि दोघांसाठी किती, हे वेगवेगळं लिहिलेलं असतं. इतकी वर्षं गाडी चालवून नवऱ्याने तो कधी वाचला नव्हता. मग त्या बाबांनी मागच्या शॉकअपकडे बोट दाखवलं. स्प्रिंगच्या बुडाशी खाचांची एक रिंग असते, चंद्रकोरीसारख्या पान्याने ती फिरवायची. गाडी मालकाच्या एकट्याच्या वजनावर, दुसऱ्या खाचेत होती. त्यांनी ती पाचव्यावर नेली. त्याने सीट मऊ होत नाही, उलट थोडी ताठ वाटते. पण दोघं बसल्यावर स्प्रिंग आधीच दबून जात नाही, खड्ड्यात दबायला जागा उरते आणि तो ठक्कन कमी होतो. पैसे घेतले वीस रुपये, फक्त हवेचे.

दोघांसाठी गाडी घेणाऱ्याला एकच सल्ला द्यायचा झाला तर मी हा देईन. शोरूममध्ये टेस्ट राइड एकट्याने घेऊ नका आणि मागच्याला बसवायच्या आधी हवा आणि ती रिंग बघा. निम्म्या तक्रारी वीस रुपयांत मिटतात.

रविवारी सकाळी जलाशयाला वळसा घालायचं ठरलं. शेंडीतून मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, मग साम्रद, रतनवाडी आणि मुतखेलवरून परत शेंडी. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरची ही गोल रिंग आहे. पाणी सतत कुठल्या ना कुठल्या बाजूला दिसत राहतं. रिंग बदलल्याचा फायदा लगेच कळला. आदळणं खूप कमी झालं.

आणि तरीही मी वैतागले होते. आता पाठीचा काही संबंध नव्हता, माकडहाडाचाही फारसा नव्हता. मग मला नीट विचार करायला वेळ मिळाला, कारण मागे बसलेल्याला दुसरं काही कामच नसतं.

मागून रस्ता दिसत नाही. समोर हेल्मेटचा काळा गोल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना निसटत जाणारी झाडं. स्पीडब्रेकर येतोय, खड्डा येतोय, म्हैस आडवी येतेय, हे पुढच्याला पाच सेकंद आधी माहीत असतं. त्याचं अंग नकळत तयारी करतं. माझ्या अंगाला बातमी मिळते ती घटना घडून गेल्यावर. म्हणून मी सतत आखडून बसते, प्रत्येक क्षणी काहीतरी येईल म्हणून. तीन तास असं आखडून बसलं तर चांगली पाठसुद्धा दुखेल. शिवाय थांबायचं कुठे, फोटो कुठे काढायचा, मुतायला कधी जायचं, सगळं पुढच्याच्या हातात. खांद्यावर थाप मारायची, तो 'काय?' म्हणून ओरडणार, मी ओरडणार, वारा ते घेऊन जाणार आणि ती जागा दोन किलोमीटर मागे गेलेली असणार. पांजऱ्याच्या पुढे पाण्याकाठी बगळ्यांचा थवा बसला होता. मी थाप मारली. तो म्हणाला, 'पुढे अजून भारी पॉइंट आहे.'

सॅडलबॅग आणि मी, दोघींना बांधून आणलं होतं. फरक इतकाच, की मला बंजी कॉर्ड लावलेली नव्हती.

उडदावण्याला एका झोपडीवजा टपरीपाशी थांबलो. चहा करणाऱ्या मावशी गाडीकडे बघत होत्या. तेवढ्यात एक जोडपं शंभर सीसीच्या जुन्या गाडीवर आलं. बाई नऊवारीत, दोन्ही पाय एका बाजूला, मांडीवर गवताचा भारा, भाऱ्यात खोचलेला विळा. खड्ड्यांतून येताना ती अजिबात हलत नव्हती. मला हेवा वाटला. मी नंतर त्यांच्याच गाडीकडे बघत बसले. सीट लांबसडक, सपाट, दोघांनाही सारखी. पुढची वेगळी, मागची वेगळी असा भेदच नाही. बसवायला दोन माणसं, एक भारा, वेळेला एक पोरगं. प्रॅक्टिकल म्हणजे काय, हा प्रश्न या रस्त्यावर कुणाला पडत नसावा.

मावशींनी मला ग्लास देताना विचारलं, 'ताई, गाडी येती का तुमाला?'

'येते की,' मी म्हणाले. 'स्प्लेंडर चालवलीय. बाबांची. लायसन पण आहे.'

'मग मागं का बसलात?'

मी हसले. नवराही हसला. मावशी हसल्या नाहीत, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मग आम्हा दोघांचं हसू थोडं विचित्र झालं.

नवऱ्याने खिशातून किल्ली काढून टपरीच्या फळीवर ठेवली. 'बघ,' म्हणाला. त्याच्या आवाजात धाडस कमी आणि मित्राच्या गाडीची काळजी जास्त होती, पण ठेवली.

आता तो आकडा. माझी उंची पाच फूट दोन इंच. बाबांच्या स्प्लेंडरवर माझी फक्त बोटं टेकायची. या धुडावर बसले आणि दोन्ही तळवे सपाट जमिनीला लागले. गुडघे वाकलेले, वर जागा शिल्लक. इतकी वर्षं मी समजत होते, की ही गाडी मोठ्या माणसांची. ती बुटक्या माणसांची निघाली. चालू केली, क्लच सोडला आणि ती स्वतःच्या वजनाने शांतपणे निघाली. स्प्लेंडरसारखी उड्या मारत नाही. पहिल्या किलोमीटरमध्ये माझे हात थरथरत होते, दुसऱ्यात मी गाणं म्हणत होते. पुढची सीट काय असते ते मला तेव्हा कळलं. सोफा. सोफा आहे तो! आणि रस्ता दिसत होता, सगळा, प्रत्येक खड्डा आपापल्या जागी, आधीपासून.

मागे ब्याऐंशी किलोचा नवरा. पहिले पाच मिनिटं तो सूचना देत होता. मग सूचनांच्या जागी आवाज यायला लागले. 'आई गं.' 'अगं सांगायचं ना!' 'हळू!' घाटघरच्या कोकणकड्यापाशी थांबले तेव्हा तो उतरला. आधी एक पाय, मग श्वास, मग दुसरा पाय.

'हे असं असतं?' तो म्हणाला.

'आज बरं आहे. काल रिंग दुसऱ्यावर होती.'

कड्यावरून खाली कोकण दिसत होतं, ढग आमच्या पायाखालून वर येत होते. तो पाठीला हात लावून उभा होता आणि मी, मला वाटतं थोडी दुष्टपणे, खूश होते. मग मी त्याला सांगून टाकलं. पाठ बरी असल्याचं, आणि किती दिवसांपासून ते.

तो चिडला. मला वाटलं होतं समजून घेईल, पण चिडला, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. 'मी एवढे रविवार तुला झोपू दे म्हणून आवाज न करता बूट घालायचो,' तो म्हणाला. 'बाहेर जिन्यात जाऊन.' मला हे माहीत नव्हतं. आम्ही बराच वेळ ढग बघत उभे राहिलो. कोणी माफी वगैरे मागितली नाही.

साम्रदपर्यंत तो पुढे बसला, आम्ही बोललो नाही. साम्रदला मी म्हणाले, 'रतनवाडीपर्यंत मी नेते.' तो निमूट मागे बसला.

इथे मी जिंकले, असं लिहायला मला आवडलं असतं. रतनवाडीत अमृतेश्वराच्या देवळाकडे वळताना उतार होता, वर बारीक खडी. मी अगदी सावकाश वळवत होते आणि तीच चूक झाली. पळताना ही गाडी स्वतःला सांभाळते, सावकाश वळताना सगळं वजन आपल्याला सांभाळावं लागतं. मी अठ्ठावन्न किलोची, मागे ब्याऐंशी किलोचा माणूस, खाली दोनशेच्या घरातलं लोखंड. पाय टेकला तो खडीवरून सरकला आणि गाडी उजव्या अंगावर आडवी झाली. धाडकन नाही. म्हातारी म्हैस बसते तशी, विचार करून. नवरा मागच्या मागे उभा राहिला, मी बाजूला बसले. लेगगार्डने गाडी आणि माझा पाय दोन्ही वाचवले. सायलेन्सरला मात्र बोटभर चरा पडला आणि ब्रेकचा दांडा किंचित वाकला. देवळापाशी फुलं विकणारी दोन पोरं धावत आली. चौघांनी मिळून ती उचलली, तेव्हा तिचं वजन खरोखर किती ते कळलं. कमी उंचीच्या सीटने गाडी हलकी होत नाही. कागदावर वाचलेलं असतं, तरी एकदा उचलावी लागते.

मी किल्ली त्याच्यापुढे धरली. त्याने घेतली नाही. 'आधी दर्शन घेऊ,' म्हणाला.

अमृतेश्वराचं देऊळ बाहेरून कोरीव कामाने इतकं भरलेलं आहे, की नजर कुठे ठेवावी कळत नाही. पण मी सगळा वेळ मित्राला काय सांगायचं याचाच विचार करत होते. प्रदक्षिणा घालताना नवरा म्हणाला, 'मी पण पाडलीय. जुनी. दोनदा. तुला सांगितलं नव्हतं.' हिशेब थोडा बरोबरीला आला.

परतीचा रस्ता आम्ही मुद्दाम लांबचा घेतला. रंधा धबधब्यावरून राजूर, तिथे पेढे, मग अकोले, संगमनेर आणि नाशिक-पुणे हायवे. राजूरपर्यंत तो, अकोल्यापर्यंत मी, संगमनेरपर्यंत तो. दर पाऊण तासाने बदल. आणि एक शोध लागला, की पुढच्याने खड्ड्याआधी डावा हात क्षणभर मांडीवर आपटला तर मागच्याला वेळेवर कळतं. बस, एवढंच. हेल्मेटमध्ये बोलायची यंत्रं मिळतात, हजारो रुपयांची. आमचं काम एका थापेवर झालं. त्यानंतर मागे बसणं, खरं सांगते, अर्ध्याने सोपं झालं. अकोल्यानंतर मी बॅकरेस्टला टेकून चक्क पेंगले.

तर मार्क. हायवेवर मागच्या सीटला दहापैकी साडेसात. खराब रस्त्यावर, हवा आणि रिंग नीट असेल तर पाच, नसेल तर दोन. सामानासाठी सहा. दोघांचे दोन दिवसांचे कपडे मावतात, पण बॅग मोठी असेल तर मागच्याच्या पोटऱ्यांना घासते. दोघांच्या पावसासाठी शून्य, तिथे कारच. पुढच्या सीटला नऊ. एक मार्क उचलताना गेला.

संगमनेरपासून गाडी माझ्याकडे होती. सिन्नर माझं माहेर. संध्याकाळ झाली होती, म्हटलं पेढे देऊन पुढे जाऊ. गल्लीत वळले तेव्हा बाबा ओट्यावर पेपर घेऊन बसले होते. त्यांनी आधी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या मागे बॅग छातीशी धरून बसलेल्या जावयाकडे.

आई दारात आली. 'अगं बाई,' म्हणाली, 'जावई मागं बसलेत.'

'त्यांची पाठ दुखतेय,' मी म्हणाले.

नवरा खरंच कमरेवर हात ठेवून उतरत होता. बाबा उठले, चष्मा वर सारून गाडीभोवती एक फेरी मारली, सायलेन्सरवरचा चरा बोटाने चाचपला, पण काही विचारलं नाही. मग मागच्या सीटवर तळहाताने दोन थापा मारल्या.

'तसं नाही कळत, बाबा,' मी म्हणाले. 'बसा.'

त्यांनी लेंगा वर घेतला, माझ्या खांद्याला धरलं आणि पाय टाकून बसले. बॅकरेस्टला टेकून बघितलं. 'चौकापर्यंत ने,' म्हणाले. 'हळू ने. आणि खड्डा आला की सांग.'